शालनताईंची बुरशी

शनिवारी दुपारी कऱ्हाडजवळच्या मलकापूरला घरी जायचं आणि सोमवारी कऱ्हाडहून पहिल्या एसटीनं परत सांगलीला यायचं, हा शालनताईंचा सात वर्षांचा शिरस्ता होता. सहा आठवड्यांपूर्वीच्या त्या सोमवारी साडेनऊ वाजून गेले तरी त्या आल्या नाहीत, तेव्हा काळजी वाटायच्या ऐवजी मला राग आला. वाफवलेला कोंडा गार होऊन पडला होता, ॲल्युमिनियमचे ट्रे पुसून मांडले होते, आणि बुरशीच्या नळ्यांना त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा कारखान्याचा नियम होता. नियम त्यांचाच. कारखान्याचा मालक मी, एमेस्सी मी, आणि हात बांधून बसलेलाही मीच! त्या आल्या की काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, 'काय ताई, आज एसटीलाच बुरशी लागली वाटतं?' तेवढ्यात फोन वाजला. त्यांची मुलगी कविता बोलत होती. "काका, आई गेली... पहाटं छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात न्हेईपर्यंत..." जुळवलेलं ते वाक्य तोंडातच राहिलं. आमचं सगळं बोलणं असं थट्टेतच चालायचं. आता वाटतं, थट्टेच्या आडोशानं मी फार काही बोलायचं टाळलं.

या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात त्यांच्या नावाला काहीतरी जोडलेलं असतं, पद असतं, पुरस्कार असतो. शालनताईंच्या नावाला तसलं काही नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कऱ्हाडच्या एका कॉलेजात. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा नवा डेमॉन्स्ट्रेटर आणि त्या प्रयोगशाळेतल्या परिचर. दहावी झालेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मिस्टर फौजेत, कायम कुठल्यातरी सरहद्दीवर. छप्पन्न सालानंतर धम्मात आलेलं घर, त्यामुळं पोरगी शिकली पाहिजे हा सासू-सुनेचा एकमेव मतैक्याचा विषय, असं त्या हसून सांगत. काचेच्या नळ्या धुणं, बुरशीच्या खाद्यासाठी बटाटे उकडणं, सांडलं-लवंडलं पुसणं एवढंच त्यांचं काम. वाढत्या बुरशीच्या नळ्यांना हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. पण नाकाला परवानगी लागत नाही ना! एकदा मी एम्‌. फिल.साठी जपून ठेवलेल्या नळ्यांचा स्टँड घेऊन निघालो होतो, तर त्या बेसिनपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "सर, त्यातली कडंची नळी बघा. ह्यो आपल्या बुरशीचा वास न्हाई. आपलीला भिजल्या शेंगांसारखा वास असतोय. ही आंबट मारतीया." मी हसलो आणि सवडीनं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. नळीत दुसऱ्याच जंतूंनी बिऱ्हाड थाटलं होतं. त्या दिवसापासून मी गुपचूप त्यांना एकेक नळी हुंगायला देऊ लागलो. एम्‌. फिल. माझं झालं, नाक त्यांचं होतं.

ब्याण्णवच्या सुमारास मी नोकरी सोडून सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली. करायचं काय होतं ते थोडक्यात सांगतो. माग चालताना तार तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात, म्हणजे पिठाची पेजच म्हणा. कापड विणून झालं की ही खळ काढावी लागते, नाहीतर रंग बसत नाही. ती काढायला लोक तेव्हा ॲसिड वापरत, आणि जरा हात चुकला की कापडच विरायचं. आमची बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढताना एक एन्झाइम सोडते, शाळेच्या पुस्तकातलं विकर. ते तेवढी खळ खातं आणि सुताला धक्का लावत नाही. म्हणजे कच्चा माल गिरणीतला कोंडा, कामगार बुरशी, आणि गिऱ्हाईक विट्याचे कापडवाले. आमच्या घरी उसाची शेती. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "आपल्यात आजवर बैल पाळलं, म्हसरं पाळली. ह्यो बुरशी पाळणार हाय. कोंडा जनावराच्या तोंडातनं काढून तिला घालणार!" गावात वर्षभर माझी ओळख 'बुरशीवाला' अशीच होती.

शालनताईंना विचारायला मी मलकापूरला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. पक्की नसली तरी कॉलेजातली नोकरी, ती सोडून माझ्या शेडमध्ये कोण येणार? त्यांनी चहा ठेवला, कविताला बाहेर अभ्यासाला बसवलं आणि म्हणाल्या, "येते. पगार तुमी काय द्याल तो द्या. पण बुरशीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं पायजे. नळ्या मी वाढवणार. धुवायला दुसरं कुणीतरी बघा." मी एका पायावर कबूल झालो. मूळ बुरशी म्हणजे आमचं विरजणच. ती दर महिन्याला एका नळीतून दुसऱ्या नळीत नीट हलवत राहिली तरच जिवंत आणि तेज राहते, ती बिघडली की सगळा कारखाना बसला. ते विरजण मी त्यांच्या हवाली केलं. धुण्यापुसण्याला जवळच्याच वस्तीतल्या अक्काताई आल्या, त्या आजही आहेत.

शालनताई कामाला लागल्या आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की आता इथं आपण जपून राहायला हवं. ट्रेच्या खोलीत दही-ताकाचा डबा न्यायचा नाही, दह्यातले जंतू बुरशीच्या मुळावर येतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पण त्यांनी तो कायदा असा राबवला की विट्याचे आमचे शेठ एकदा वाटेत ताक पिऊन आले तर त्यांना बाहेर चूळ भरायला लावली. शेठनी निमूटपणे भरली! वाफवलेल्या कोंड्यात बुरशी मिसळून ट्रेमध्ये पसरली की दुसऱ्या दिवशी तिला जाळं सुटतं आणि ट्रे आपोआप तापायला लागतात. फार तापले तर बुरशी स्वतःच्याच उष्णतेनं होरपळते. माझ्याकडं थर्मामीटर होते, वहीत तक्ते होते. शालनताई पालथा हात ट्रेवर ठेवायच्या, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणायच्या, "अक्काताई, तिसऱ्या फळीवरची उलथायला घ्या." मी थर्मामीटर लावून बघायचो. बहुतेक वेळा त्यांचंच खरं असायचं, आणि नसलं तर त्या थर्मामीटरला नावं ठेवायच्या. चौथ्या दिवशी कोंडा पाण्यात भिजवून, कापडातून पिळून अर्क काढायचा. मग खळीच्या कापडाचा तुकडा त्यात बुडवून त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा डाग उठला तर खळ शिल्लक आहे, नाही उठला तर जिंकलो. पहिल्यांदा डाग उठला नाही तेव्हा त्यांनी तो तुकडा घडी करून ब्लाऊजमध्ये खोचला आणि शनिवारी कविताला दाखवायला घरी नेला.

आता हळदीची गोष्ट. ही गोष्ट मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल, आणि दरवेळी लोक पोट धरून हसले आहेत. आज ती पहिल्यांदाच पुरती सांगायचा प्रयत्न करतो...

विट्याच्या शेठची पहिली मोठी मागणी आली. तोवर आम्ही किरकोळ डबे विकत होतो, हा माल वेळेत आणि चांगला गेला तर विट्यातले बाकीचेही येणार होते. जास्तीचा कोंडा भरून ठेवायला पोती हवी होती. मी बाजारात गेलो आणि एका हळदीच्या गिरणीतली रिकामी तागाची पोती घेऊन आलो. जाड, दणकट, फाटकं एकही नाही. दोनदा झटकली, की झालं. सांगलीत निम्मा गाव तीच पोती कशाकशाला वापरतो, त्यात मला वावगं काय दिसणार? शालनताईंनी मात्र पहिलं पोतं उघडलं तेव्हाच नाक वर केलं. "सर, कोंड्याला वास येतोय." मी म्हणालो, "ताई, ही सांगली आहे. इथं एसटीच्या तिकिटालाही हळदीचा वास येतो." त्या हसल्या आणि कामाला लागल्या. माझ्या विनोदावर हसून कामाला लागण्याची त्यांना मी सवयच लावली होती.

त्या खेपेला बुरशी वाढेना. एरवी दुसऱ्या दिवशी ट्रेवर कापूस पिंजल्यासारखं पांढरं जाळं असायचं, आता मधेमधे टकलं पडलेली. आयोडीनचा डाग निळाशार. दुसरी खेप तशीच. तिसरी त्याहून वाईट. शेठ स्वतः विट्याहून बघायला आले. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला मालक जे करतो तेच मी केलं. दोषी शोधला. मूळ बुरशीच कमजोर झाली असणार, नळ्या बदलताना हयगय झाली असणार, दुसरं कारणच नाही, असं मी ठरवून टाकलं. शेठसमोर, अक्काताईंसमोर मी शालनताईंना म्हणालो, "ताई, तुमच्या हातून बुरशी बिघडली. तुमच्यावर सोपवलं हीच माझी चूक झाली. किल्ली द्या." कनवटीची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि ट्रे घासायला निघून गेल्या. मी पुण्याहून नवी बुरशी मागवली.

पुढचे चार दिवस त्या अक्काताईंबरोबर धुण्यावर होत्या. पण स्वस्थ बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. किल्ली घेतली तरी शेवटची वापरलेली एक नळी त्यांच्याकडं राहिली होती. त्यांनी सांगलीतल्या आपल्या खोलीवर घरच्या पिठाचा चाळून उरलेला कोंडा घेतला, कुकरमध्ये वाफवला, गार झाल्यावर एका झाकणाच्या डब्यात त्यावर ती 'बिघडलेली' बुरशी टाकली. तिसऱ्या दिवशी डबा पांढराशुभ्र भरला. इकडं पुण्याची नवीकोरी बुरशी आमच्या ट्रेमध्ये टकलं पाडून बसली होती. म्हणजे बुरशी बरी आहे, कोंड्यातच काहीतरी आहे. काय ते कळेना. त्यातच अक्काताईंनी फरशी पुसायला एक रिकामं पोतं धुण्याच्या सोड्यात भिजत घातलं, आणि बादलीतलं पाणी लालभडक झालं. अक्काताई घाबरून ओरडल्या. शालनताई घाबरल्या नाहीत. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो हे ज्या बाईनं उभ्या जन्मात कपडे धुतलेत तिला कुणी सांगावं लागत नाही.

त्यांनी ती बादली आणि तो डबा उचलून आणला आणि माझ्या टेबलापाशी जमिनीवर ठेवला. "सर, जखमेवर हळद कशापायी लावत्यात?" मी म्हणालो, "जंतू मरावेत म्हणून." आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. जंतूंना मारते, बुरशीलाही वाढू देत नाही, आणि मी ती पोत्यापोत्यानं तिला खाऊ घातली होती. "मग आपण बुरशीला हळदीच्या अंथरुणात निजवली, ती उठणार कशी?" त्या म्हणाल्या. मी काय केलं? मी हसलो! टेबलावर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सुटल्याच्या आनंदात हसलो, हे खरं. गिरणीतून ताजा कोंडा मागवला, कोरी पोती आणली, शालनताईंच्याच जुन्या बुरशीवर खेप लावली, आणि आठवड्याच्या आत शेठचा माल विट्याला गेला.

किल्लीचं मात्र राहिलं. मी ती त्याच दिवशी त्यांच्या कामाच्या टेबलावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. तिसऱ्या दिवशीही. कपाट उघडायचं तर त्या मला बोलावून आणायच्या, "सर, जरा उघडून देता?" शेवटी मी म्हणालो, "ताई, किल्ली तुमचीच आहे, ठेवलीय की टेबलावर." त्या म्हणाल्या, "टेबलावर टाकलेली वस्तू कुणीबी उचलंल सर. घेताना माझ्या हातातनं घेतली हुती. हातात द्या." आमच्या घरी कुणाच्या हातात वस्तू दिली जायची आणि कुणासमोर ती खाली ठेवली जायची, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी ते विसरलो होतो. त्यांना विसरायची सोय नव्हती. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. 'माझं चुकलं' हे दोन शब्द तेव्हा अगदी ओठांशी आले होते, पण मी म्हणालो, "आता शेठलाच नाही, मलाही चूळ भरायला लावा." त्या हसल्या. विषय संपला, असं मी समजलो.

नंतरची वर्षं चांगली गेली. आता द्राक्षाच्या आणि उसाच्या चोथ्यावर आमचे प्रयोग चालू आहेत, त्यातही पहिला शब्द त्यांच्या नाकाचाच असायचा. मलकापूरहून येताना त्या माझ्यासाठी वाळकं आणायच्या, कविता नर्सिंगला लागली तेव्हा पेढे घेऊन आल्या आणि आधी एक पेढा बुरशीच्या कपाटावर ठेवला. "हिच्या जिवावर शिकली पोरगी," म्हणाल्या. पुण्याला एका कार्यशाळेत मला बोलायला बोलावलं तेव्हा मी त्यांना हौसेनं सोबत नेलं. भाषणात हळदीची गोष्ट रंगवून सांगितली, 'मग आमच्या लक्षात आलं की...' वगैरे. टाळ्या पडल्या. परतीच्या गाडीत खंबाटकी घाट उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "लय झ्याक सांगितलंसा सर. फकस्त मी न्हवते त्यात." मी म्हणालो, "पुढच्या वेळी घालतो तुम्हाला!" आणि दोघंही हसलो. पुढच्या वेळी मी त्यांना घातलं, बादलीसकट, लाल पाण्यासकट. पण किल्ली काढून घेतल्याचं गाळलं. त्यानं गोष्टीची मजा जाते, असं मी स्वतःला सांगत असे.

जलदानविधीला आम्ही सगळे मलकापूरला गेलो. वंदना झाल्यावर चार लोक त्यांच्याबद्दल बोलले, मीही उठलो, आणि तोंडात बसलेली तीच गोष्ट तशीच सांगितली. त्या दुःखातही लोक थोडं हसले. नंतर कविता चहा घेऊन आली. "काका, आई ही गोष्ट घरी येगळी सांगायची." मी विचारलं, "कशी?" ती कप देऊन म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. पण शेवटाला म्हणायची, सर मनानं वाईट न्हाईत, त्यांना फकस्त चारचौघांत उलटं बोलता येतंय, सुलटं बोलता येत न्हाई." तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला ठाऊक. परत आल्यावर हा लेख लिहायला घेतला.

काल तो पुरा झाला. छापायला देण्याआधी ज्यांच्यासमोर हे सगळं घडलं त्यांना ऐकवावा म्हणून ट्रेच्या खोलीत स्टूल ओढून बसलो. शालनताईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या नळ्या कपाटात अजून आहेत. नव्या नळ्यांवर आता अक्काताई वेडंवाकडं लिहितात आणि मला हात लावू देत नाहीत. त्यांनी लेख मान खाली घालून ऐकला. मधे दोनदा डोळे पुसले. 'किल्ली द्या'पाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "थांबा. म्होरं काय म्हनला हुतासा?"

"कुठं काय? एवढंच."

"आवं, मी हुते की तितं. धुनारीनं धुवावं, वाडवायच्या नादाला लागू न्हये, आसं म्हनला हुतासा. ते कुटं हाय ह्यात?"

विसरलो होतो असं म्हणायचा मोह झाला. पण विसरलो नव्हतो. सकाळपासून ते वाक्य मी तीनदा लिहिलं होतं आणि तीनदा खोडलं होतं.

"लिवा," अक्काताई म्हणाल्या. "त्यापायीच त्या चार दीस जेवल्या न्हवत्या. त्येच न्हाई लिवलं तर बाकीचं कशाला लिवलंसा?"

लिहितो, शालनताई. शेठसमोर आणि अक्काताईंसमोर मी तुम्हाला म्हणालो होतो, धुणारीनं धुवावं, वाढवायच्या नादाला लागू नये. पोती मी आणली होती. वास येतोय हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या हातातली बुरशी सात वर्षांत एकदाही बिघडली नाही. माझं चुकलं.